आधी आत्यांचे गुडघे

"पोरगी गुणाची आहे गं सुनंदा, पण सकाळी उठते कशी बघितलंस? उपकार केल्यासारखी!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलत होत्या. मी पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून उभी होते, कारण माझी पाठ अजून सरळ व्हायची होती. लग्नाला जेमतेम महिना झालेला. मी तशीच हळूच खोलीत परत गेले आणि जरा पावलांचा आवाज करत पुन्हा बाहेर आले!

ज्या घरात सगळ्यांचंच काहीतरी दुखतं, तिथे किस्से गोळ्यांच्या अर्धवट पाकिटांसारखे साठतात. कुणी फेकत नाही. कुठल्याही ड्रॉवरमध्ये हात घाला, एक निघतोच.

आमच्या वर्तकनगरच्या घरात बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, कंबर दुखते. आईंची, म्हणजे सासूबाईंची, मान आणि बोटं. बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या. त्या इथेच राहतात, त्यांचे गुडघे. माझा नवरा निनाद ठणठणीत आहे, त्यामुळे त्याच्या मताला घरात फारशी किंमत नाही.

* * *

माझं दुखणं लपवून लग्न झालं असं मुळीच नाही. हे लोक मानपाड्याला माझ्या माहेरी बघायला आले, तेव्हाच माझ्या वडिलांनी घसा साफ करून सांगितलं, "एक गोष्ट आधीच बोलतो. हिला मणक्याचा संधिवात आहे. औषध चालू आहे, पुढेही चालू राहील."

बाबा खूश होऊन म्हणाले, "अहो, मग ही आमच्याच घरातली की!"

लगेच त्यांनी उभं राहून आपली कंबर नेमकी कुठे धरते ते दाखवलं. आत्यांनी गुडघे सांगितले. निरोप देताना माझ्या आईने तिची टाचसुद्धा सांगून घेतली. माझी पाठ त्या गर्दीत हरवली ती हरवलीच!

* * *

घरात शेकायची रबरी पिशवी एकच. चहा झाला की तिची फेरी सुरू होते, आणि ती वयाच्या मानाने फिरते. आधी आत्यांचे गुडघे, मग बाबांची कंबर, मग आईंची मान. आईंपर्यंत पोचेस्तोवर पाणी इतकं कोमट झालेलं असतं की त्या म्हणतात, "मला कडक सोसतच नाही." खरंच सोसत नाही की कधी मिळालंच नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पिशवी भरायचं काम सुनेचं. म्हणजे माझं.

मध्यंतरी निनादने विजेवर चालणारी शेकायची गादी आणली. "अरे, करंट लागला म्हणजे?" आत्या. "विजेचा शेक कोरडा असतो," बाबा. ती गादी आठवडाभर खोक्यात पडून राहिली. मग थंडी पडली, आणि आईंच्या लक्षात आलं की तिच्यावर पातेलं ठेवलं की इडलीचं पीठ सुंदर फुगतं!

आता आमच्या घरात सगळ्यात उत्तम शेक मिळतो तो पिठाला.

* * *

बाबांच्या आणि आईंच्या सोबत एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "काका, दुखणं दहापैकी किती?"

बाबांनी सावध होऊन विचारलं, "परवा आमची ताई येऊन गेली. ती किती म्हणाली?"

"ते मला सांगता येत नाही, काका."

"बरं. मग तिच्याहून अर्धा कमी धरा. थोरली आहे."

मग आईंना तोच प्रश्न. आई शांतपणे म्हणाल्या, "स्वयंपाकाआधीचं सांगू की नंतरचं?"

मला तेव्हा खूप हसू आलं. घरी येईपर्यंत ते गेलं होतं.

* * *

माझं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. एका दुपारी कोथिंबीर शोधताना ते आत्यांच्या हाती लागलं. त्या खोकं घेऊन थेट माझ्याकडे आल्या, चेहरा गंभीर.

"खरं सांग. कुत्रा कधी चावला तुला?"

"कुत्रा नाही हो आत्या! पाठीसाठी आहे ते."

"पाठीसाठी फ्रीजमधली सुई?" त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. "तुझ्या वयाला कसली गं पाठ? आमची दुखायला आयुष्य गेलं!"

मी म्हणणार होते की आत्या, याला वय लागत नाही. पण त्या तोवर खोकं कोथिंबिरीच्या मागे ठेवून वळल्या होत्या. रात्री जेवताना मात्र त्यांनीच सगळ्यांना बजावलं, "ते खोकं कुणी फ्रीझरमध्ये टाकू नका रे. सुनबाईचं आहे." आत्या कळत नाहीत ते अशा वेळी!

* * *

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला गेलो. ज्या आत्या घरी पायपुसण्यालाही पायरी म्हणतात, त्या रांगेत खांबासारख्या उभ्या! मी न राहवून विचारलं, "आत्या, गुडघे?"

"दुखतायत ना. पण इथे सांगायचं कुणाला? सगळ्यांचेच दुखतायत."

रांग पुढे सरकेना. माझ्या पाठीत कळ निघाली तशी मी कडेच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. लगेच एक स्वयंसेवक धावत आला. "ओ ताई, सीनियर सिटिझनसाठी आहे ती."

मी आत्यांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी बोलतील, तिचीही पाठ दुखते म्हणून.

आत्या म्हणाल्या, "ऊठ गं, मला बसू दे. तरुण आहे ती, राहील उभी!"

मी उठले. त्या बसल्या. देवी बघत होती.

* * *

"मग स्पष्ट सांग ना त्यांना," निनाद म्हणतो.

"सांगितलंय की. माझ्या वडिलांनी, सगळ्यांच्या समोर."

"अगं, तसं नाही."

कसं सांगायचं हेच तर मी शोधत होते. या घरात राहून मला एक गोष्ट कळली आहे. त्यांचं अंग वापरून दुखतं, माझं विश्रांती घेऊन. रात्रभर झोपले की सकाळी मी लाकूड. चालत-फिरत राहिले की दुपारपर्यंत मोकळी होते. त्यांचं बरोबर उलट, दिवस चढेल तसं दुखणं चढतं. म्हणजे मी दुखत असते तेव्हा ते त्यातल्या त्यात बरे असतात, आणि ते दुखायला लागतात तेव्हा मी गच्चीवरून गाद्या उचलून आणत असते. त्यांनी तरी काय समजायचं?

"दुपारी तर टुणटुणीत असते की!" हेही मी ऐकलेलं आहे. तेही माझ्यासाठी नव्हतं.

* * *

परवा रविवारी सकाळी चांगलीच थंडी होती. विजेच्या गादीवर पीठ होतं. माझी पाठ इतकी धरलेली की पिशवीत पाणी ओतताना मी ओट्याला कोपर टेकवून उभी होते. पिशवी भरली, झाकण आवळलं आणि भिंतीला हात लावत हॉलमध्ये आले.

आत्यांनी साडी सारखी करून गुडघे पुढे केलेच होते. बाबा पेपर वाचत होते. आई मटार सोलत होत्या.

"आण गं लवकर, पाणी निवेल," आत्या हात पुढे करून म्हणाल्या.

मी समोरच्या खुर्चीत बसले. पिशवी पाठीमागे घेतली आणि टेकले.

आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाबांनी पेपर खाली घेतला.

"अगं, आधी इकडे!" आत्यांचा हात अजून पुढेच होता. "बसलीस काय? ऊठ!"

मी म्हटलं, "उठते ना आत्या. पण सकाळी मला उपकार केल्यासारखंच उठता येतं. तोवर पिशवी माझ्याकडे राहू दे."