होडीत बसलेले मुकादम

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डोळे येण्याची अशी साथ आली की भिवंडीतल्या म्हशीसुद्धा डोळे चोळत दूध द्यायच्या. मी तेव्हा काल्हेरच्या बंदरावर रेतीचा ट्रक भरायला जायचो. तिथले मुकादम भारी खट. रेती घेऊन येणारा मचवा दिसला की रामराम नाही, काठावरूनच तो हाकणाऱ्या तांडेलावर ओरडायचे, "पापनी खाली ओढ! वर बघ!" डोळा लाल दिसला की त्या माणसाची रवानगी खाडीत नांगरलेल्या जुन्या होडीत. हमालांना साथ लागली तर बंदरच बंद पडणार, आणि सगळ्यांची चूल विझणार.

एका सकाळी मुकादमांचेच डोळे टोमॅटोसारखे लाल!

एक हमाल कुजबुजला, "काला चष्मा लावा की मुकादम, कोनाला कलतंय?"

"मना कलतंय ना!" म्हणत ते तडक पाण्यात उतरले. होडीत आदल्याच दिवशी शिव्या देऊन पाठवलेला तांडेल बसला होता. तो म्हणाला, "या, तुमची जागा राखून ठेवलीय."

मुकादमांनी तिथूनच आरोळ्या ठोकून मचवे लावले, रिकामे केले. बंदर एक दिवसही बंद पडलं नाही. त्या आरोळ्यांनी तिकडे कित्येक कोस लांब वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडातले लोक दचकून अर्ध्या आंघोळीतून बाहेर पळायचे, एवढाच काय तो त्रास.