चकतीवरचा अंगठा

खराडीच्या गारेगार ऑफिसात बसलो असताना आज अचानक माझ्याच बोटांना कूलंटचा, म्हणजे लोखंड कापताना सोडतात त्या दुधाळ तेलपाण्याचा, आंबूस वास आला आणि येरवड्याची आमची एका खोलीतली संध्याकाळ समोर उभी राहिली. अण्णा दिवसभर एका वर्कशॉपात हातकरवतीनं लोखंडी बार कापत. घरी येत तेव्हा बोटं इतकी आखडलेली असत की भाकरी मोडवत नसे. आई कुस्करून पुढे ठेवी. एकाच मुलाला शिकवणं शक्य होतं. दादानं नववीत दप्तर खुंटीला टांगलं आणि तो अण्णांच्या शेजारी उभा राहिला. मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

लपवत आलो ते वेगळंच. ज्यानं माझ्यासाठी शाळा सोडली, त्याचाच मी हेवा करत आलो. दोघं घरी येत ते एकच वास अंगावर घेऊन. अण्णांची एक रीत होती. एक काप घ्यायचा, बार अर्धा फिरवायचा, मग पातळ चकती उतरवायची आणि तिच्या कडेनं अंगठा न् बोट फिरवायचं. जाडी सगळीकडे सारखी लागली, तर काप सरळ. मग ती चकती दादाच्या तळहातावर ठेवून विचारायचं, “काय म्हणतोस?” माझ्या गुणपत्रिका अण्णांनी देवापुढे ठेवल्या, पेढे वाटले, पण मला असं कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या कारखान्यातला जुना बँडसॉ मी आमच्या नव्या घरामागच्या शेडसाठी घेतला. पट्ट्यासारखं अखंड पातं गरगर फिरवत लोखंड कापणारं ते धूड. “साहेब, माहितीपुस्तक मागू नका,” कारखान्याचे मालक म्हणाले, “आहे ते समोर उभं आहे.” अण्णा न् दादा सोबत आले होते. अण्णांनी तिथंच चकती कापून घेतली, अंगठा फिरवला आणि दादाच्या हातावर ठेवली. “काय म्हणतोस?”

“जरा तिरकं जातंय. होईल दुरुस्त.”

खरेदी माझी, विचारलं दादाला.

पहिल्याच रविवारी मी नवं पातं चढवलं, ते उलट्या दातांनी. दादा बघत राहिला. “अहो पदवीधर, कापायचंय ना? का नुसतं गोंजारायचंय?” अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसताना दोघं एकमेकांकडे बघत होते, तेवढंच मला झोंबलं. पातं सुलट बसवून दिलं तेही दादानंच.

मग कित्येक आठवडे ऑफिसला निघण्याआधी तासभर मी शेडमध्ये. पात्याला दोन्ही बाजूंनी धरणारे आधार केसभर इकडे, केसभर तिकडे. तिरक्या चकत्यांनी पत्र्याचा डबा भरला.

आज सकाळी एक चकती अण्णांच्या बशीशेजारी ठेवली. दादा समोर पेपर वाचत होता. अण्णांच्या अंगठ्याला आता थरथर आहे. तो कडेवरून सावकाश दोनदा फिरला. सवयीनं हात दादाकडे निघाला, मध्येच थांबला, आणि चकती माझ्या तळहातावर आली.

“काय म्हणतोस?”

दादानं पेपर खाली केला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, ते मी इतकी वर्षं आरशात पाहत आलोय. करवती बदलल्या, घर बदललं. हेव्यानं फक्त खुर्ची बदलली होती.

“सरळ आहे,” मी म्हणालो.

काप सरळच होता.