न उघडणारं पान

परवा वीज गेली म्हणून मेणबत्ती लावली आणि तिच्या वासाबरोबर नगरमधल्या एका चर्चची मागची खोली आठवली. तिथं पाळकसाहेबांशेजारी बसून मी चर्चच्या वेबसाइटसाठी सॉफ्टवेअर निवडत होते. वेबसाइट कुठे अडते ते त्यातून कळायला हवं होतं. दोन सॉफ्टवेअर समोर होती. पहिल्यानं रंगीत आलेख दाखवले. चुका अगदी किरकोळ, काळजी नको, असं त्याचं म्हणणं. दुसरं दिसायला रूक्ष, पण एकेक चूक वेगळी दाखवणारं. त्यात दिसलं की वेबसाइटवर दिवंगतांच्या आठवणींची पानं होती, त्यांतलं एका बाईंचं पान कुणीतरी रोज सकाळी उघडू पाहतंय आणि ते उघडत नाही. नाव वाचून पाळकसाहेबांनी चष्मा काढला. “आमच्या काष्टीच्या गुरुजींची मंडळी. गुरुजींना आता कबरस्थानापर्यंत येववत नाही. तिनं गायलेलं गीत आहे त्या पानावर.” गीताची फाइल खराब झाली होती, त्यामुळं पान अडत होतं. मी ती पुन्हा चढवली आणि पाळकसाहेबांनी गुरुजींना फोन करून पान उघडायला सांगितलं. बऱ्याच वेळानं गुरुजींचा फोन आला. पाळकसाहेबांनी तो स्पीकरवर टाकला. “जाऊन वर्ष झालं म्हणून तिला काढलं असंल, असं वाटलं हुतं मला. तुमाला विचारायचा धीर न्हाई झाला.” आम्ही ते दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. आता गुरुजीही नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये त्या पानापुढे एकही चूक दिसत नाही, पण ते उघडायलाही कुणी येत नाही.