पेट्रेलची चरबी

लक्ष्मीकांत शितोळे मालव्यातल्या एका संस्थानाच्या शिकारखान्यात मेलेल्या जनावरांची कातडी भरून ती उभी करण्याचे काम करीत. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झाले, शिकारखाना मोडला आणि त्यांच्यासाठी कृष्णपुऱ्यालगतच्या एका लहान संग्रहालयात कारागिराची एकच जागा उरली. ती मिळाली नसती तर राहती सरकारी खोलीही गेली असती, असे त्यांच्या पत्नी द्वारकाबाई सांगतात. यावर शंका घेण्यास मला कारण दिसत नाही.

जागा देण्यापूर्वी संग्रहालयाचे अधिकारी जयसिंगराव यांनी परीक्षा ठेवली. नग दोन होते. एक पेट्रेल, म्हणजे खोल समुद्रावर राहणारा, मालव्यात कधी न दिसलेला काळा पक्षी. वादळात भरकटून तो देपालपूरच्या तलावाकाठी मरून पडला होता. दुसरा राजपुतान्यातला मुठीएवढा वाळवंटी उंदीर. अट अशी की, कातडीला चीर दिसता कामा नये.

उंदराच्या अंगावर चरबी जवळजवळ नव्हतीच. कातडी अलगद सुटली. पेट्रेलच्या कातडीला मात्र पिवळ्या चरबीचा जाड थर होता, पिसांच्या मुळांत रुतलेला. शितोळ्यांनी जन्मभर मोर आणि तितर भरले होते. त्यांची कातडी कीड लागू नये म्हणून सोमल या विषाचा साबण लावून सावलीत ठेवली की वाळे. तरीही त्यांनी विचारले.

"साहेब, हा तेल सोडतोय. खरवडू का थोडं?"

"खरवडा की. फाटला तर सीधा घरी जा," जयसिंगराव म्हणाले. "इतके तितर भरले ना? हाही पक्षीच आहे, भिया."

शितोळ्यांनी चरबी तशीच ठेवली.

परिणाम जयसिंगरावांना ठाऊक होता, असे जुने सहकारी म्हणत. ते ऐकीव म्हणून मी बाजूला ठेवले होते. पुढे जयसिंगरावांनीच ते मला हसत सांगितले. आधी चरबी हलक्या हाताने काढून तेल लाकडाच्या भुशात टिपून घ्यायचे, हे त्यांना पुरते माहीत होते. "बघायचं होतं, त्याला कधी कळतं ते."

निवड समिती ऐन मे महिन्यात आली. उंदीर जिवंत वाटावा असा होता. पेट्रेलची छाती तेलाने चिकटली होती. जयसिंगरावांनी पंख उचलताच पिसे त्यांच्या बोटांना लागून आली. त्यांनी पक्षी शितोळ्यांच्या नाकाशी धरला आणि वास कसला येतो, ते समितीला सांगायला लावले. शितोळ्यांनी सांगितले.

नोकरी मिळाली, पण फर्राशाची, म्हणजे झाडलोटीची. खोली वाचली. शाळांच्या सहली आल्या की जयसिंगराव दोन्ही नग शेजारी मांडून तुलना समजावीत आणि झाडू घेऊन उभ्या असलेल्या शितोळ्यांना पुढे बोलावीत.

"हा पक्षी मी बिघडवला," एवढे शितोळे म्हणत. उंदराविषयी बोलण्याची त्यांना मनाई होती.