बोलून दाखवणाऱ्या बाई

आमच्या कॉम्प्युटरच्या बाई हातांनी जे करत, ते तोंडाने सांगतही असत. फळ्यावर लिहिताना, माउस हलवताना, अगदी डबा उघडतानासुद्धा. "आता मी वर, डाव्या कोपऱ्यात जातेय," असं त्यांचं चाललेलं असे. पोरं हसायची. मला जन्मापासून दिसत नाही. बदलापूरच्या त्या शाळेत मला कॉम्प्युटरचा तास पहिल्यांदा कळला तो बाईंमुळे.

त्याआधी त्या तासाला मला गाण्याच्या वर्गात नेऊन बसवत. बाईंनी ते थांबवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवर टाकलं. शेजारची मुलगी मला "इथे क्लिक कर" म्हणाली की बाई अडवत, "इथे म्हणजे कुठे? नीट सांग तिला." नुसत्या कीबोर्डवर मी पहिला प्रोग्राम लिहिला, दोन आकड्यांच्या बेरजेचा. हेडफोनमध्ये उत्तर आलं. बाईंनी शेजारून लगेच पुढचे दोन आकडे सांगितले.

नववीत मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतलं. या विषयातून मुलीला सूट मिळते, उगाच त्रास कशाला, म्हणाले. आई सही करायला निघालीच होती. बाई तिला म्हणाल्या, "ताई, सूट म्हणजे गोड बोलून बाहेर काढणं. नका करू सही."

आईने केली नाही. पण नववी संपता संपता शाळेने लॅब एका कंपनीला चालवायला दिली. नव्या मशीनवर आमचं सॉफ्टवेअर टाकू देईनात. बाई कंत्राटावर होत्या, तरी भांडल्या. जूनमध्ये त्यांना परत बोलावलंच नाही. मी पुन्हा गाण्याच्या वर्गात.

मग बाई दर रविवारी कुळगावला आमच्या घरी लॅपटॉप घेऊन येऊ लागल्या. आठवडाभर अंबरनाथच्या क्लासमध्ये शिकवून आवाज बसलेला असे. एकदा आईने चहा देताना विचारलं, शाळेची आठवण येते का? "माझं जाऊ द्या, ताई. हिच्यानंतर कुणी आली, तर ती कुठे बसेल?"

आज मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. मध्यंतरी शाळेत फोन करून विचारलं, न दिसणारी मुलं आता कॉम्प्युटरच्या तासाला कुठे बसतात? अशी मुलं आता आमच्याकडे येत नाहीत, म्हणाले. बाईंना हे सांगायचं राहून गेलं. फुप्फुसाचं दुखणं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्या गेल्या, त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या मुलीने माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला. बारीक नाक, खोल गेलेले गाल, भुवईवर जुनी खोक. इतकी वर्षं बाईंकडून मी सगळं ऐकत आले होते. त्या दिसतात कशा, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.