शिवप्पा तोलारानं सांगितलेली प्रेमकथा

"हलकं असंल, पण मापात हाय."

शिवप्पा तोलाराचं हे ठरलेलं वाक्य. रहस्यकथा वाचून संपली की पुस्तक तळहातावर ठेवायचं, हात जरा वरखाली करायचा, आणि काट्यावर पोतं चढवल्यासारखा निकाल द्यायचा. नाही आवडलं तर ओठ बाजूला ओढून म्हणायचा, "माती हाय ह्यात, बिरप्पा. चाळून घ्यायला पायजे होती."

बिरप्पा म्हणजे मी. अक्कलकोटच्या पलीकडं आमचं रान. वडील होते तोवर रान माझं आणि बाजार त्यांचा. ते गेले, बहात्तरचा दुष्काळ सरला, आणि पुढच्या सुगीला तुरीची पोती घेऊन मी सोलापूरच्या मंगळवार पेठेत पहिल्यांदा एकटा उतरलो. अडत दुकानापुढं टांगलेला लोखंडी काटा, उन्हात तरंगणारा तुरीचा पिवळा धुरळा, आणि त्या धुरळ्यात पोती तोलत उभा असलेला हा उंच, वाळका माणूस. पहिल्या पोत्याला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. बाजाराची रीतच तशी होती. पण शिवप्पाचा 'लाभ' असा लांबत जायचा, की वाटावं, तो पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊन टेकेल. आता तिथं विजेचे काटे आहेत. आकडे मुकाट्यानं उमटतात. पेठेतून गेलो की मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दुपारी सौदे थांबत. हमाल पोत्यांवर आडवे होत. शिवप्पा बंडीच्या खिशातून पुस्तक काढी, पहिलं पान उघडताना पुटपुटे, "लाभ", आणि मग ओठ हलवत वाचत बसे. शाळा कानडी चौथीपर्यंतची. मराठी तो दुकानांच्या पाट्यांवरून शिकला आणि पुढचं सगळं त्याला रहस्यकथांनी शिकवलं. माझा माल विकून झाला तरी मी परतीची एस्टी सोडून त्याच्याजवळ बसू लागलो. गोष्ट सांगण्याचा नाद मला पहिल्यापासून; आमच्या भागात माझ्या गोष्टीला माणसं जेवण टाकून बसतात, हे मी अभिमानानं सांगतो. पण गोष्ट तोलायची कशी, हे मी त्या पोत्यांवर बसून ऐकलं.

"खून कशाला पायजे रं?" तो म्हणायचा. "मुडदा गप पडून राहतो. वस्तू हरवली की घरातली सगळी बोलायला लागत्यात. सासू सुनंकडं बघती, सून दिराकडं. चोरीनं घर उघडं पडतंय."

त्याला आवडायची ती छोट्या घरातली गोष्ट. एखादी पैठणी, नाहीतर देव्हाऱ्यातला चांदीचा दिवा नाहीसा होतो. मग पेन्शनीत निघालेला कारकून नाहीतर कुणाची तरी आत्या शोध घेते. मधे चार वेळा चहा होतो. "शेवटाला सगळी एका पंगतीत जेवाय बसली पायजेत," तो म्हणायचा. "चोरबी."

"आणि चोर पयल्या दोन-चार पानांत दिसला पायजे. दिसला पायजे, पण वळखू येता कामा नये. शेवटाला कुटनं तरी जुळा भाऊ आणला, तर तो लेखक काट्याला अंगठा लावतोय म्हणायचं."

भुतांच्या गोष्टी म्हणजे पारड्याखाली चिकटवलेलं मेण. आणि प्रेमाच्या कादंबऱ्या?

"ओला माल. पाणी मारलंय. रडू शिंपडून वजन वाढवत्यात."

"अण्णा, तुमी एक तरी वाचलीय का?"

"पोत्यात हात घातला की ओल कळती. सगळं पोतं शिजवून खायाला लागत न्हाई."

पुस्तकं यायची इसूफभाईंच्या हातगाडीवरून. नव्या पेठेच्या तोंडाशी ती गाडी असे. जुनं पुस्तक द्यायचं, दुसरं न्यायचं. त्या पुस्तकांना दोन खोडी होत्या. एक म्हणजे, आधी वाचलेला कुणीतरी चावट माणूस पेन्सिलीनं मधल्याच पानावर 'चोर माळी आहे' असं लिहून ठेवी. ते दिसलं की शिवप्पा त्या अनोळखी माणसाला कानडीतून शिव्या मोजी, आणि त्याही सुरात. दुसरी खोड अशी की, पुष्कळ पुस्तकांना शेवटचं पानच नसे. तेव्हा तो शिव्या देत नसे. डोळे मिटून बसे आणि शेवट स्वतःच्या मनानं लावून टाकी. इसूफभाई म्हणत, "तोलारसाब, तुमारा आखरी पन्ना असली से अच्छा रहता."

घर पेठेतच होतं, दोन खोल्यांचं. बायको दानम्मा, आणि मुलगी महानंदा. महानंदा मॅट्रिक झालेली, बापासारखीच उंच. ती वाचायची ते मात्र सगळं ओला माल. जेवताना दोघांची जुंपे.

"अप्पा, तुमच्या पुस्तकात माणसं नुसती चहा पितात आणि संशय घेतात. कुणाला कुणी आवडतच न्हाई."

"आवडाय सवड कुटं हाय? चोर धरायचाय."

"आमच्यात चोर नसतो, तरी पान सुटत न्हाई."

"आधी भाकरी सोडू नका," दानम्मा म्हणे. "बाप तसा, लेक तशी. मी एकलीच शहाणी निघाले ह्या घरात."

एकदा अशीच भाकरी मोडता मोडता महानंदा म्हणाली, "अप्पा, घर कसलंबी बघा. लहान बघा, लांबचं बघा. पण पुस्तक लपवाय लागंल असलं घर बघू नका." शिवप्पा हसला नाही. त्यानं नुसती मान हलवली. दोन स्थळं त्यानं ह्याच कारणानं परत पाठवली होती, आणि दानम्माच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मग अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलगा सिद्धाराम, सोलापूरला एस्टीत कारकून. बाप लहानपणीच गेलेला; मामा बसलिंगप्पा यांनी वाढवलेला. मामांचं तेलाचं दुकान, आवाज मोठा, शब्द त्यांचाच चालायचा. आपल्या बाजूनं बसायला माणूस कमी म्हणून शिवप्पानं मला बोलावून घेतलं. मी धुतलेली टोपी घालून गेलो.

बघण्याचा कार्यक्रम बरा चालला होता. महानंदा येऊन, बसून, आत गेली होती. चुरमुऱ्याचा सुसला आला. बसलिंगप्पा चादरींच्या चवडीला टेकले आणि लगेच पाठ चोळत पुढं झाले. चादरीत हात घालून त्यांनी बाहेर काढलं ते एक पुस्तक. वर केस उडणारी मुलगी आणि स्कूटरवरचा तरुण.

"हे काय वो तोलार? चादरीत काय पेरलंय?"

आत कपबशी वाजली. दानम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"कुणाचं हे?" बसलिंगप्पांचा आवाज बदलला. "घरात वाचणारं कोण हाय?"

"माझं," शिवप्पा म्हणाला.

"तुमचं? मिशीला कलप लावायच्या वयात?"

"वाचताना मिशी आडवी येत न्हाई की."

"मग सांगा बघू, काय हाय ह्यात. आमालाबी कळू द्या, प्रेम कशाला म्हणत्यात." आणि पुस्तक मांडीवर पालथं ठेवून, त्यावर हात ठेवून ते बसले.

पुस्तक शिवप्पानं उघडलेलंसुद्धा नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. गोष्ट सांगणारा मी, पण मी नुसती टोपी सारखी करत बसलो. मग त्यानं डोळे मिटले, शेवटचं पान नसलेल्या पुस्तकापाशी मिटायचा तसे.

"एक मुलगी असती. कोकणातली. घरामागं समुद्र. एका पोरावर तिचा जीव बसतो. पोरगा स्कूटरवरनं येतो, गावाबाहेर थांबतो, हॉर्न वाजवत न्हाई. मुलीला समुद्राच्या आवाजातनं कळतंय, आला म्हणून."

बरं जमलं होतं. मला वाटलं, निभावलं.

"मग?"

"मग साखरपुडा ठरतो." तो थांबला. "आणि त्याच सकाळी अंगठी नाहीशी होती."

मी खाली बघितलं. आतल्या खोलीत कुणीतरी तोंडात पदर कोंबल्याचा आवाज झाला.

"कुणी नेली?" बसलिंगप्पा.

"घरात काकी हाय. स्वयंपाकीण हाय. वरच्या खोलीत एक भाडेकरू, पेटी वाजवतो. आणि तो पोरगा सकाळी येऊन गेलाय."

"पोरानंच नेली! स्कूटरला पेट्रोल कुटनं घालतो तो?"

"सगळी तसंच म्हणत्यात. पण पोरगा तर दारातनंच माघारी फिरला. पायाची वाळू उंबऱ्याच्या आत न्हाई. वाळू हाय ती चुलीपाशी."

"स्वयंपाकीण!"

"घाई करू नका. स्वयंपाकीण पायात काही घालत न्हाई, आणि वाळू हाय ती चपलीची."

बसलिंगप्पा सरकत सरकत पुढं आले होते. सुसला गार झाला. "मग काकी. लिहून देतो, काकी. माझी काकी अशीच होती, देवाच्या पुढचा नारळ सोडत नव्हती." पण शिवप्पाचा वेग आता मंदावला. अंगठी गेली कुठं, हे त्यालाही सुचत नसावं. बसलिंगप्पांचे डोळे बारीक झाले. ते भाच्याकडं वळले.

"सिद्धाराम, तुमच्या डेपोत पोरं असलं वाचत असतील. असंच असतंय का रं प्रेमाच्या पुस्तकात?"

सिद्धारामनं इतका वेळ मान वर केली नव्हती. "व्हय मामा," तो म्हणाला. "असतंय. अंगठी घरातच सापडती. पण ते पान ह्यात न्हाई. फाटलंय."

"हात्तिच्या! म्हंजे मला कळणारच न्हाई?"

"कळंल की," शिवप्पा एकदम म्हणाला. "पिठाच्या डब्यात सापडती. काकीनं परसातनं चपलीनिशीच येऊन घाईनं पीठ काढलं, तवा बोटातनं निसटली. पुतणीची अंगठी बोटात घालून बघत होती हो बिचारी. तिचा कधी साखरपुडाच झाला नव्हता."

बसलिंगप्पा मागं सरकले. मग सुसल्याची बशी ओढून म्हणाले, "काकीच की, पण."

जाताना त्यांनी पसंती सांगितली. उंबऱ्यावर चपला घालता घालता पुढं म्हणाले, "एक सांगतो, तोलार. तुमच्या वयाची गोष्ट येगळी. आमच्या घरात पोरीबाळींच्या हातात असलं चालत न्हाई."

ती माणसं गेली. महानंदा बाहेर आली. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं, पण आता ती हसत नव्हती.

"अप्पा, तिथं जाऊन मी काय काय लपवू? पुस्तक, का तुमचं हे खोटं?"

शिवप्पानं पुस्तक उचललं आणि शेवट उघडला. शेवटचं पान मुळापासून फाटलेलं होतं.

"हे तू फाडलंस?"

"न्हाई. इसूफचाचांकडनं आणलं तवाच नव्हतं."

"बसलिंगप्पांनी तर पुस्तक मांडीवरनं हलवलंच न्हाई. उघडलं कुणीच न्हाई." तो माझ्याकडं वळला. दुपारी पोत्यांवर बसून वाचताना डोळ्यांत यायची ती चमक त्याच्या डोळ्यांत आली होती. "मग पान फाटलंय हे त्या पोराला कसं ठावं, बिरप्पा?"

दुसऱ्या दिवशी काटा सुटल्यावर आम्ही दोघं नव्या पेठेत गेलो. इसूफभाईंनी पुस्तक उलटून पाहिलं.

"ये तो मेरेच पास की. तुमारी बेटी के पहले एस्टीवाला छोकरा ले गया था, अक्कलकोट का. आखरी पन्ना नहीं बोलके कित्ता झगड्या मेरे से! रोज आता, डूटी छूटे पे."

आम्ही गाडीच्या आडोशाला थांबलो. गिरणीचा भोंगा झाला, सायकलींचा लोंढा वाहून गेला, आणि त्यामागून सिद्धाराम आला. बगलेत पुस्तक. शिवप्पाला पाहून तो जागीच थबकला.

"काल मामापुढं खोटं का बोललास?"

"तुमी तरी कुटं खरं बोललात?" पोरगा म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "ह्यात अंगठी न्हाईच. ह्यातली मुलगी शाळेत शिकवती, आणि एक दिवस—"

"पुढं सांगू नको!" शिवप्पानं हात वर केला. "मला वाचायचंय."

इसूफभाई खोकल्यासारखे हसले.

"लगीन झाल्यावर राहणार कुटं?"

"हितंच. डेपोजवळ खोली बघितलीय."

"आणि मामा आले म्हंजे? घरात पुस्तक दिसलं म्हंजे?"

"माझं हाय म्हणून सांगीन. तुमी सांगितलं तसं."

"तसं नको," शिवप्पा म्हणाला. आवाज काट्यापाशी असायचा तसा झाला, सरळ. "मी चुकलो त्यात. तिचं हाय म्हणून सांगायचं. तिचं हाय, आणि ती वाचती."

सिद्धारामचा चेहरा उतरला. ज्या मामानं घास भरवला, त्याच्यापुढं हे बोलणं काय असतं, ते मला कळत होतं. इसूफभाईंचा पुस्तकं झटकायचा फडका थांबला. शिवप्पानं घाई केली नाही. काट्याची जीभ स्थिर होईपर्यंत थांबायची त्याला सवय होती.

"सांगीन," सिद्धाराम म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "सांगीन मी. ह्या रविवारीच अक्कलकोटला जाऊन सांगतो. लग्नाच्या आधी."

"मग मी घरी जाऊन तिला इचारतो," शिवप्पा म्हणाला. "होकार तिनं द्यायचा."

एवढं बोलून तो निघाला. चार पावलं गेला असेल, त्यानं ते केस उडणाऱ्या मुलीचं पुस्तक उघडलं आणि चालता चालता वाचायला लागला. सुताचे गठ्ठे घेतलेला हातगाडीवाला त्याला वळसा घालून गेला. टांगेवाला ओरडला, "ओ अप्पा, रस्ता बघा की!" त्यानं वर न बघता नुसता हात केला. इसूफभाई फडका खांद्यावर टाकून बघत राहिले. मी बघत राहिलो. आणि सिद्धाराम टाचा उंचावून, गर्दीत शिवप्पाची पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. कितव्या पानावर गेले असतील, याचा अंदाज घेतल्यासारखे त्याचे ओठ हलत होते.