बंद सर्व्हरवरून आलेला आबांचा कॉल

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची टर उडवणारी बाई आहे. ऑफिसात कुणाला जिन्यात सावली दिसली की मी आधी ट्यूबलाइट तपासायला सांगते. तरी हे लिहितेय... हसायचं असेल तर वाचून झाल्यावर हसा.

मी सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघते. इंटरनेटवरचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल सांभाळणारं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते एका जुन्या कॉम्प्युटरवर टाकून मी त्याचाच सर्व्हर केला आणि कारखान्याचे सगळे फोन त्याला जोडले. मालक खूश! मग त्यांना विचारून माझ्या आणि आबांच्या मोबाइलवरही त्याचं ॲप टाकलं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून केमजवळच्या आमच्या वस्तीवर एकटेच शेरडं राखतात.

व्हिडिओ कॉलवर आबा स्वतःचं तोंड कधी दाखवायचे नाहीत. कॅमेरा कायम शेरडांकडे. "आबा, मला तुमाला बघायचंय," म्हटलं की म्हणायचे, "माझ्यात काय बघतीस? ही बांडी बघ की, अंगानं लई भरलीया औंदा." मग मी मुकाट्याने बांडी शेळीची तब्येत बघायची.

त्या दिवशी उन्हाळ्यातली भर दुपार. सर्व्हरची डिस्क बदलायची होती, म्हणून फोनना सुट्टी. कॉम्प्युटरचं झाकण उघडं, वायर काढलेली, जुनी डिस्क माझ्या हातात... आणि टेबलावरचा माझा मोबाइल वाजला. त्याच ॲपवर – 'आबा'.

सर्व्हरच बंद, तर कॉल जोडला कुणी? हे मनात येईपर्यंत मी तो उचललाही होता.

पडद्यावर शेरडं. पण चरत नव्हती. गोल उभी राहून, माना खाली घालून, सगळी थेट माझ्याकडे बघत होती. बांडीचं नाक तर अगदी जवळ. त्यांच्या डोक्यावर पांढरं आभाळ आणि कडेला आमच्या वस्तीजवळचा रेल्वेच्या सिग्नलचा खांब. आवाज अजिबात नाही.

"आबा! कुटं हाय तुमी? बोला की!" मी ओरडले. कॉल तुटला.

वस्तीशेजारी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला, दत्तादादाला, फोन केला. "दादा, सिग्नलच्या खांबापाशी जा, पळ!" काही न विचारता तो मोटारसायकल घेऊन सुटला. आबा तिथेच कोरड्या ओढ्यात उताणे पडले होते, उन्हाने बेशुद्ध. भोवती शेरडं उभी. अजून उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

आणि आबांचा मोबाइल? घरात फडताळात, बॅटरी संपून बंद पडलेला. दादाने स्वतः पाहिला.

हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जाणकारांना मी विचारलं. एकजण म्हणाला, जुनं नोटिफिकेशन अडकलं असेल. असेल बाबा... पण मग ते चित्र?

दवाखान्यात आबा शुद्धीवर आले. कॉलचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं, "काय आठवतंय तुमाला?"

"शेरडांची तोंडं गं," ते हळूच म्हणाले. "वरनं वाकून बघत हुती. मोबाइल तर घरी इसरलेला... मनात आलं, आता पोरीला ह्ये कोण दावणार?"

मी त्यांचा हात धरून रडले. ते जे बघत होते, तेच मला दिसलं होतं.